काटेसाहेब स्वतःला माफ करतात

काटेसाहेबांची मान धरली ती दाढी करताना. डाव्या गालावर वस्तरा फिरवायचा म्हणून त्यांनी मान उजवीकडे वळवायला घेतली आणि ती अर्ध्यातच अडली. पुन्हा घेतली, पुन्हा अडली. डावीकडे मात्र हवी तितकी वळत होती. गरम पाण्याचा शेक झाला, बायकोने तेल चोळून दिलं, वर "टीव्हीसमोर लोडाला टेकून डुलक्या काढता, त्याचं हे फळ" असं निदानही फुकट दिलं. मान काही ऐकेना. शेवटी साहेब एक गाल गुळगुळीत आणि एक खरखरीत अशा अवस्थेत डॉक्टरांकडे गेले, आणि रस्त्यात भेटलेल्या ओळखीच्या लोकांपैकी फक्त डाव्या बाजूच्यांकडे बघून हसू शकले.

इथे एक खुलासा केलेला बरा. काटे हे त्यांचं आडनाव नव्हे. ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते, आणि बाजारात असं म्हणत की हे साहेब दुकानाची पायरी चढले की तराजूचा काटा आपणहून सरळ उभा राहतो. त्यावरून कोणीतरी हे नाव पाडलं आणि ते खऱ्या आडनावाच्या उरावर बसलं. आपल्याला हे नाव मुळीच आवडत नाही, असं साहेब सगळ्यांना सांगत. पण त्यांच्या दाराच्या पाटीखाली कुणीतरी खडूने 'काटे' लिहून ठेवलं होतं, ते त्यांनी कधी पुसलं नाही.

डॉक्टरांनी मान दाबून पाहिली, फोटो काढायला लावला, तो उजेडासमोर धरला.

"हाडं ठणठणीत आहेत," ते म्हणाले. "स्नायू आखडलेत. मनावर कसला ताण आहे का?"

"आमच्या खात्यात ताण नसतो. वजन एकतर बरोबर असतं, नाहीतर चूक असतं."

"आणि घरी?"

"घरी बायको आहे."

डॉक्टरांनी समजुतीने मान हलवली. ती दोन्ही बाजूंना हलत होती, हे पाहून साहेबांना त्यांचा हेवा वाटला.

"असं बघा," डॉक्टर म्हणाले, "पुष्कळ माणसं स्वतःवरच राग धरून बसतात. काहीतरी चुकलेलं असतं, ते आतल्या आत कुढत राहतं. मग कुणाची कंबर धरते, कुणाची मान. मलम देतो, पण ते वरून लावायचं. आतलं औषध वेगळं. रोज थोडा वेळ शांत बसा, डोळे मिटा आणि स्वतःला माफ करा."

"कशाबद्दल?"

"ते मला कसं माहीत असणार? तुम्हाला माहीत."

साहेबांना ते माहीत होतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं त्यांच्या मनात तेव्हा लख्ख पडलं, आणि त्या चांदण्यात एक कुंडी दिसली.

कुंडी होती हेडबाईंची. हेडबाई म्हणजे साहेबांच्या उजव्या हाताच्या शेजारीण. अख्खी शाळा त्यांनी भुवईच्या इशाऱ्यावर चालवली आणि आता निवृत्त होऊन भुवईला थोडा आराम दिला होता. दोन्ही घरांच्या मधल्या सामाईक गॅलरीत संध्याकाळी खुर्च्या टाकून चहा पीत बसायचं, हा साहेबांचा आणि त्यांचा कित्येक वर्षांचा परिपाठ. साहेबांची बायको चहाबरोबर गप्पा मारायला यायची आणि मालिका लागली की उठून जायची. हेडबाई दरवेळी विचारायच्या, "साखर?" आणि साहेब दरवेळी सांगायचे, "एक चमचा. सपाट. शिगोशीग नको." जगात आपल्याएवढा काटेकोर माणूस आणखी एक आहे, या जाणिवेने दोघांनाही बरं वाटायचं.

हेडबाईंना जगात दोनच गोष्टींचा धाक होता. एक त्यांची मोठी बहीण आणि दुसरी, ती बहीण काय म्हणेल ही. दोघींच्या आईच्या बिगोनियाच्या दोन फांद्या आई गेल्यावर दोघींनी वाटून घेतल्या होत्या. गर्द हिरव्या पानांवर पांढरे ठिपके, पान उलटं केलं की खालून लालबुंद. फांदी हातात देतानाच ताई म्हणाली होती, "तुझ्याच्याने हे जगायचं नाही, लिहून ठेव." त्यानंतर हेडबाईंनी शाळा चालवली, नवऱ्याचं आजारपण काढलं, मुलाला परदेशी पाठवलं, पण त्यांना विचाराल तर आयुष्यात केलेलं खरं काम म्हणजे ते झाड जगवणं.

मध्यंतरी त्या मुलाकडे गेल्या, तेव्हा झाड साहेबांच्या हवाली करून गेल्या. साहेबांची बायको त्याच सुमारास लेकीचं नवं घर लावून द्यायला गेली होती.

"पाणी किती घालायचं?" साहेबांनी विचारलं होतं.

"मातीला बोट लावून बघायचं. कोरडी वाटली की अंदाजाने घालायचं."

आता अंदाज हा शब्द साहेबांच्या घरात कुणी उच्चारत नसे. ज्या अंदाजावर त्यांनी उभ्या बाजाराशी वैर घेतलं, त्या अंदाजाने एका परक्या बाईच्या आईचं झाड वाढवायचं, हे त्यांच्या तत्त्वात बसेना. बोट हे काय माप झालं? त्यांनी शिक्का मारलेलं प्रमाणित माप काढलं आणि रोज सकाळी ते काठोकाठ भरून झाडाला पाजायला सुरुवात केली. पावसाळी हवा होती, माती ओली होती, तो मातीचा प्रश्न. बरं, कुंडीतून झिरपून थोडं पाणी खालच्या बशीत उतरायचं. म्हणजे झाडाला माप कमी मिळालं. ज्या गुन्ह्यासाठी साहेबांनी दूधवाल्यांना कोर्टात उभं केलं, तो गुन्हा ते स्वतः कसा करणार? ते बशी उचलायचे आणि ते पाणी पुन्हा कुंडीत ओतायचे. झाडाला त्याच्या हक्काचा थेंबन् थेंब पोचला पाहिजे, यावर ते ठाम होते.

अती तिथे माती म्हणतात. इथे मातीचाही चिखल झाला. पानं गळाली, बुंधा काळा पडून मऊ झाला आणि एके सकाळी झाड साहेबांच्या देखत आडवं झालं.

तेव्हाच फोन करून सांगायला हवं होतं. पण साहेबांनी फोन उचलला आणि ठेवला. पुन्हा उचलला आणि रोपवाटिकेचा पत्ता विचारला. गळालेलं एक पान आणि मीटरपट्टी घेऊन ते गावातल्या सगळ्या रोपवाटिका पालथ्या घालून आले. ठिपके जुळवून पाहत, बुंध्याचा घेर मोजत ते इतका वेळ उकिडवे बसले की शेवटचा रोपवाला म्हणाला, "साहेब, झाड घ्यायला आलात की पंचनामा करायला?"

नवं झाड जुन्या कुंडीत गेलं. जुनं झाड साहेबांनी कार्यालयाच्या पिशवीतून नेऊन कार्यालयाच्याच आवारात, जप्त केलेल्या तराजूंच्या ढिगामागे पुरलं. हेडबाई परत आल्या, झाडाकडे बघत राहिल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. "माझ्याकडेसुद्धा इतकं तरतरीत कधी दिसलं नव्हतं हो," त्या म्हणाल्या, आणि ही गोष्ट त्यांनी इमारतीत घरोघरी सांगितली. पुढच्या सुट्टीत चार घरच्या कुंड्या साहेबांच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. साहेबांनी संध्याकाळचा चहा कामाच्या सबबीवर बंद केला. आणि मग मानेने काय ते ओळखून उजवीकडे, म्हणजे हेडबाईंच्या दाराकडे, वळायचं सोडून दिलं.

तर अशी ती डावीकडेच कलू लागलेली मान घेऊन साहेब कामावर जाऊ लागले आणि तिथे निराळंच रामायण झालं. बाजारपेठेच्या त्या गल्लीत बहुतेक दुकानं उजव्या हाताला. साहेब रस्त्याने चालले की त्यांचं तोंड पलीकडच्या भिंतीकडे. दुकानात शिरले तरी तराजू एका बाजूला आणि साहेबांची नजर दुसऱ्या बाजूला. बाजाराने याचा बाजारी अर्थ काढला. काटेसाहेब कानाडोळा करायला लागले, म्हणजे त्यांना पोचतंय, फक्त कोणाकडून ते कळत नाही. एका डाळवाल्याने आपल्यालाही ही सवलत मिळावी म्हणून काजूचा पुडा पुढे केला. साहेबांनी तो नाकारला, पण नाकारताना त्यांचं तोंड भिंतीकडे असल्यामुळे नकारात जोर आला नाही. डाळवाल्याला वाटलं, पुडा लहान पडला.

वरिष्ठांनी बोलावून घेतलं.

"तुमची मान वाकडी झालीय की नजर?"

"मान, साहेब."

"मग तसा दाखला आणा."

डॉक्टरांनी दाखला दिला. त्यावर कारण लिहिलं, मानसिक ताण. तो पाहून वरिष्ठ म्हणाले की ताणाचं कारण लिहिलेलं नाही. डॉक्टर म्हणाले की ते रुग्णाने सांगितलेलं नाही. वरिष्ठ म्हणाले, मग रुग्णाने सांगावं. रुग्ण भिंतीकडे बघत उभा राहिला. ज्याने उभ्या हयातीत कुणाचा रुपया घेतला नाही, त्याला एका बिगोनियापायी लाचखोर ठरायची वेळ आली, आणि खरं कारण सांगणं तर त्याहून लाजिरवाणं वाटत होतं. शेवटी मान सरळ होईपर्यंत त्यांना आत बसून कारकुनी करायला सांगण्यात आलं.

आता ध्यानाला बसण्यावाचून इलाज नव्हता. लेकीने फोनवर ध्यानाचं एक ध्वनिमुद्रण पाठवून दिलं. त्यात एक बाई मधाळ आवाजात, दोन शब्दांमध्ये माणूस पेंगून पडेल इतकी जागा सोडत बोलत असे. "शरीरात ताण... कुठे आहे... ते पाहा." साहेब खोलीचं दार लावून, डोळे मिटून सांगत, "मानेत. डावीकडून उजवीकडे जाताना." बाई म्हणे, "त्याला... दोष देऊ नका." साहेब म्हणत, "बरं." मग बाई म्हणे, "आता स्वतःला सांगा... मी मला... माफ करते आहे." साहेब इथे अडायचे. एकतर ते 'करते' नव्हते. दुसरं म्हणजे, त्यांच्या खात्यात कुठलाही अधिकारी स्वतःच्या वजनावर स्वतः शिक्का मारत नसे. आरोपी आपण, पंच आपण, आणि निकाल देणारेही आपण, हे कुठल्या नियमात बसतं?

पण मानेच्या कळा नियम बघत नाहीत. एके सकाळी त्यांनी मनाचा हिय्या केला आणि न्हाणीघराच्या आरशासमोर उभं राहून, सरकारी कामाला शोभेल अशा भारदस्त आवाजात म्हटलं, "झालं गेलं विसरून जा. मी तुम्हाला माफ केलं आहे."

बाहेर बायको कपडे वाळत घालत होती. ती हातातली चादर तशीच घेऊन दाराशी आली.

"कोणाला माफ केलंत?"

"स्वतःला."

"अगोबाई. काय केलंत?"

ध्यानातली ही अडचण मधाळ बाईने सांगितलेली नव्हती. स्वतःला माफ करायचं तर आधी काहीतरी केलेलं असावं लागतं, आणि तसं काही केलंय म्हटल्यावर बायकोला ते कळावं लागतं.

"तसं काही नाही. सर्वसाधारण माफी," साहेब म्हणाले.

"सर्वसाधारण कशाला? मी सांगते ना," बायको म्हणाली, आणि चादर झटकत तिने सुरुवात केली. लेकीच्या पहिल्या नोकरीच्या दिवशी तिला घड्याळाच्या वेळेवरून दिलेलं व्याख्यान. सासूबाईंच्या औषधाच्या बाटलीबरोबरचा मापाचा चमचा खोटा म्हणून औषधवाल्याशी केलेलं भांडण, ज्यात औषध राहून गेलं. लग्नानंतर पहिल्यांदा तिने केलेल्या शिऱ्याला "साखर प्रमाणाबाहेर" म्हणणं. चादर वाळली तरी तिचं संपलं नव्हतं. साहेब माफीला उभे होते एका चुकीसाठी, आणि निघाली पोतंभर.

सल्ला द्यायला वरच्या मजल्यावरचे बँकवाले आपणहून आले. निवृत्त झाल्यापासून कोणी कर्ज मागायला येत नसल्यामुळे ते सल्ले वाटत. "एकदम मोठी रक्कम माफ करायची नसते," ते म्हणाले. "आधी लहानसहान चुका माफ करायच्या. सवय लागली की मोठीला हात घालायचा." साहेबांना हे पटलं. ते लहान चुकांपासून सुरुवात करू लागले, आणि सांगायला हरकत नाही की त्यांना त्यात गोडी वाटू लागली. दूध उतू गेलं, माफ. विजेचं बिल भरायचं राहिलं, माफ. बायकोचा चष्मा खुर्चीवर होता आणि ते त्याच खुर्चीवर बसले, तेव्हाही ते शांतपणे म्हणाले, "मी स्वतःला माफ केलं आहे."

"तुम्ही केलंत," बायको चष्म्याची काडी हातात धरून म्हणाली. "चष्मा माझा होता."

हे वाक्य साहेबांच्या मानेत बरोबर दुखऱ्या जागी जाऊन बसलं. त्या दिवशी मान आणखी थोडी आखडली.

अशात एके संध्याकाळी हेडबाई स्वतःच दारात आल्या. त्या उजवीकडून आल्या, त्यामुळे साहेबांना आधी फक्त आवाज आला.

"काटेसाहेब, तुमचं सगळं कानावर आलं. ध्यान असं एकट्याने बंद खोलीत होत नसतं. मन सैरावैरा धावतं. उद्या सगळे माझ्याकडे बसू. समोर एखादी जिवंत गोष्ट ठेवली की मन थाऱ्यावर येतं, मी शाळेत मुलींना तसंच बसवायचे."

दुसऱ्या दिवशी हेडबाईंच्या बैठकीच्या खोलीत सतरंजी घातलेली होती. बँकवाले होते, साहेबांची बायको होती, आणि मधोमध पाटावर, पानं पुसून लख्ख केलेला बिगोनिया होता. साहेबांना त्याच्या बरोबर समोर जागा दिली होती. मान उजवीकडे वळत नव्हती, आणि डावीकडे किंवा खाली बघितलं तर हेडबाई "ताठ बसा" म्हणत, त्यामुळे पळवाट उरली नाही.

"याच्याकडे बघा," हेडबाई म्हणाल्या. "याला तुम्ही माझ्यामागे मुलासारखं जपलंत. ज्याच्या हातून असं काम झालं, त्याने स्वतःवर रागवायचं कारणच काय? आणि हो, उद्या मी ताईकडे जातेय. झाड घेऊनच जाणार. तिच्या झाडाशेजारी नेऊन ठेवते आणि म्हणते, बघ. पानांवरचा ठिपका न् ठिपका ओळखते ती आईच्या झाडाचा."

आत्तापर्यंत प्रश्न साहेबांच्या मानेचा होता. आता तो हेडबाईंच्या मानेचा झाला. ताई पहिल्या नजरेत ओळखणार होती, आणि जिने आयुष्यभर कुणापुढे मान खाली घातली नाही ती बाई साहेबांवरच्या विश्वासापायी, जिचा धाक वाटतो त्या बहिणीपुढेच तोंडघशी पडणार होती.

फोनवर मधाळ आवाज सुरू झाला. सगळ्यांनी डोळे मिटले. "ज्याचं आपल्या हातून... वाईट झालं... त्याचा चेहरा... डोळ्यांसमोर आणा." साहेबांनी डोळे उघडले. चेहरा समोरच होता, पाटावर. त्या शांततेत ते मोठ्याने म्हणाले,

"हे ते झाड नाही."

मग बँकवाल्यांनी डोळे मिटूनच एक दीर्घ उसासा सोडला.

"वा," ते म्हणाले. "काय बोललात, साहेब. हे ते झाड नाही. तसा मीही तो मी नाही. काल होतो तो आज नाही."

"तसं नाही. हे खरंच ते झाड नाही," साहेब कळवळून म्हणाले.

"खरंच नाही," बँकवाले म्हणाले, आणि त्यांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं. हेडबाई हात जोडून बसल्या होत्या. "मुलींनो, याला म्हणतात एकाग्रता," त्या जुन्या सवयीने म्हणाल्या. ज्याने एक झाड सोडलं तर जन्मात खोटं सांगितलं नाही, त्याने खरं सांगितलं तर त्याचा साधुपुरुष झाला. निघताना बँकवाल्यांनी साहेबांची चप्पल सरळ करून ठेवली. खोट्या मापाबद्दल माणसाला शिक्षा होते हे साहेबांना माहीत होतं. खऱ्या कबुलीबद्दल मान मिळाला तर तो परत कुठे करायचा, हे खात्याच्या कुठल्याच नियमात नव्हतं.

घरी येऊन दार लावल्यावर बायकोने विचारलं, "मग ते झाड कुठाय?"

ती काही बँकेत नव्हती. तिने या माणसाबरोबर संसार केला होता आणि आपला नवरा गूढ वगैरे बोलणाऱ्यांतला नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. साहेबांनी सगळं सांगितलं. माप, चिखल, रोपवाला, तराजूंचा ढीग. बशीतलं पाणी पुन्हा ओतत होते हे ऐकल्यावर ती पदर तोंडाला लावून इतकी हसली की तिला खुर्चीत बसावं लागलं. मग हसू ओसरलं आणि ती म्हणाली, "उद्या सकाळीच जा. त्यांची बॅग भरून झाली असेल."

"त्या बोलायच्या बंद होतील माझ्याशी."

"आत्ता कुठे बोलताय तुम्ही त्यांच्याशी?"

सकाळी साहेब हेडबाईंच्या दारात उभे राहिले. बॅग खरंच भरलेली होती आणि बिगोनियाला प्रवासासाठी कागद गुंडाळणं चाललं होतं. चौकटीत उभं राहून, जिन्याच्या भिंतीकडे तोंड करून साहेबांनी सांगायला सुरुवात केली. या वेळी त्यांनी एकही शब्द असा वापरला नाही, की ज्यातून कुणाला ज्ञान व्हावं. काय केलं, कसं केलं, कशाने मेलं आणि नंतर काय लपवलं, सगळं जबानी दिल्यासारखं सांगितलं. हेडबाईंचे हात कागदावर थांबले.

"कचऱ्यात टाकलंत?"

"नाही. कार्यालयाच्या आवारात पुरलं."

"मी आले त्या दिवशी मी रडले तुमच्यासमोर. तेव्हा बोलला नाहीत."

"नाही बोललो. तुमचा माझ्यावरचा विश्वास जाईल अशी भीती वाटली. झाड गेलं त्याहून जास्त मला त्याचंच पडलं होतं."

"भिंतीशी काय बोलताय?" हेडबाई म्हणाल्या. त्यांची भुवई बऱ्याच वर्षांनी कामाला लागली होती. "इकडे बघा माझ्याकडे."

त्या आवाजाने एके काळी अख्खं पटांगण गप्प होत असे. साहेबांनी बघितलं. हेडबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्याच्यामागे चांगलाच राग होता.

"माझ्या आईचं झाड होतं ते. बरं झालं सांगितलंत. पण माफ वगैरे मी काही करणार नाही तुम्हाला. निदान एवढ्यात नाही. मला राग आलाय, तो मला नीट येऊ द्या."

"हो," साहेब म्हणाले.

"आणि आता मला ताईकडे फांदी मागावी लागणार. जन्मात तिच्याकडे मी काही मागितलेलं नाही. तुम्ही यायचं माझ्याबरोबर. जे मला सांगितलंत ते तिला सांगायचं. बशीसकट."

"येतो."

साहेब घरी आले. बायकोने त्यांच्याकडे पाहिलं, मग स्वयंपाकघरातून मुद्दाम उजवीकडून हाक मारली. साहेबांनी वळून "काय?" म्हटलं आणि दोघंही एकमेकांकडे बघत राहिली. मान कधी सुटली ते साहेबांना कळलंच नव्हतं. "माफ केलं वाटतं त्यांनी," बायको म्हणाली. "नाही," साहेब म्हणाले, "चिडल्यात," आणि हे सांगताना त्यांना जितकं हलकं वाटलं तितकं गेल्या कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

ताईकडची भेट थोडक्यात सांगायची तर साहेबांना ती थोडक्यात वाटली नाही. ताई हेडबाईंच्याही हेडबाई होत्या. त्यांनी साहेबांकडून सगळं दोनदा वदवून घेतलं आणि बशीचा प्रसंग तिसऱ्यांदाही. "मला वाटलंच होतं, तुझ्याच्याने जगायचं नाही," त्या बहिणीला म्हणाल्या. साहेब मध्येच बोलले, "त्यांनी जगवलं होतं. मी मारलं." ताईंनी दोघांकडेही आळीपाळीने पाहिलं, कात्री आणली आणि फांदी कापून बहिणीच्या हातात दिली. देताना त्या काहीच म्हणाल्या नाहीत. हेडबाई परतीच्या सगळ्या रस्त्यात फांदी मांडीवर धरून खिडकीबाहेर बघत होत्या, आणि साहेबांशी एक शब्दही बोलल्या नाहीत. साहेबांनी तो राग नीट येऊ दिला.

रोज सकाळी ते ध्यानाला बसत राहिले. मान सुटली तरी का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मधाळ बाई माफीच्या वाक्यापर्यंत आली की ते "चूक झाली होती" एवढंच म्हणत आणि थांबत. पुढचं वाक्य अजून आतून येत नव्हतं, आणि शिक्का मारायची त्यांना घाई उरली नव्हती.

फांदीने मूळ धरलं. तिला पहिलं नवं पान फुटलं त्या संध्याकाळी हेडबाईंनी गॅलरीतून हाक मारली. नवी कुंडी कठड्याशी होती. हेडबाईंनी पाण्याचा तांब्या साहेबांच्या हातात दिला.

"घाला."

"किती?"

हेडबाई पाठ फिरवून रस्त्याकडे बघत उभ्या राहिल्या. साहेबांनी हताशपणे आपल्या बायकोकडे पाहिलं. ती लगबगीने मालिका बघायला उठली. मग त्यांनी इकडेतिकडे बघून घेतलं, कोणी ओळखीचा दुकानदार दिसत नाही याची खात्री केली, आणि मातीत बोट घातलं. माती कोरडी वाटली. त्यांनी पाणी ओतायला सुरुवात केली. "पुरे?" त्यांनी विचारलं. हेडबाईंची पाठ काही बोलली नाही. साहेबांनी आणखी थोडं ओतलं, आणि मग कुणी न सांगता हात थांबवला.

थोड्या वेळाने पाणी झिरपून बशीत उतरलं. साहेबांनी बशी उचलली. कुंडीवर धरली. हात तिथेच राहिला. मग ते मोरीपर्यंत गेले आणि त्यांनी ते पाणी ओतून दिलं.

ते परतले तेव्हा हेडबाई वळून त्यांच्याकडे बघत होत्या. किती वेळ बघत होत्या कोण जाणे.

"चहा टाकते," त्या म्हणाल्या. "साखर?"

"अंदाजाने," काटेसाहेब म्हणाले.